आगाऊ फेडलेला नवस

बेला पेणकर सतरा वर्षांची, उंची पाच फूट अकरा, आणि त्या रविवारी दुपारी लंडनच्या कडेला पिनरमधल्या स्वतःच्याच घरात तिला उभं राहायला कोपरा मिळत नव्हता. सोफा भिंतीला सरकवला होता. लंडनभरातून आलेली तीसेक बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू, मंडळी कोट काढून जिन्याच्या कठड्यावर रचत होती, आणि जो आत येई तो तिचा दंड दाबून म्हणे, "काँग्रॅच्युलेशन्स, डार्लिंग. सो, अमेरिका."

"अजून काही ठरलेलं नाही," बेलाने तिसऱ्यांदा सांगून पाहिलं. पाहुणीने तो विनय समजून तिचा आणखी एक पापा घेतला. पडदा वर जायच्या आधीच टाळ्या पडाव्यात, तसं चाललं होतं.

हे घरच बास्केटबॉलचं. आजोबा एलिशा तरुणपणी मुंबईत नागपाड्याच्या कोर्टावर खेळले, आणि विलायतेला आले तेव्हा बॅगेत कपड्यांच्या आधी बूट भरले होते. त्यांची मुलगी मायकेला इंग्लंडच्या संघात होती. मुलगा ऍलन, म्हणजे बेलाचे वडील, इथल्या क्लबातून खेळला आणि आता शाळेत पीई शिकवून उरलेल्या सगळ्या वेळात कोचिंग करतो. जेवताना तो मिठाची बाटली बेला आणि मिरपुडीची बाटली डिफेंडर करून कालची चूक आज दाखवी. वरण त्या दोघींच्या मधे गार होई. शनिवारी मॅच असली तर काम वर्ज्य असलेल्या शब्बाथचं काय, हा प्रश्न आजोबांनी कधीच निकालात काढला होता: "खेळणं हे काम नव्हे. काम करतो तो रेफरी."

या घराण्यात बेला सगळ्यांत सरस निघाली. तिला खेळ मनापासून आवडायचा आणि तीच पंचाईत होती. आवडत नसता, तर एका वाक्यात सांगून मोकळी झाली असती.

गेल्या हिवाळ्यात तिच्या एका सामन्याचा व्हिडिओ फिरला आणि अमेरिकेतल्या नऊ कॉलेजांचे कोच मागे लागले. मागे लागले ते ऍलनच्या. बेलाची झोप किती, तिच्या आईची उंची किती, सगळी चौकशी त्याच्याकडे.

"आजोबांचे गुडघे कसे आहेत, विचारतायत," एकदा ऍलन फोनवर हात ठेवून म्हणाला.

"त्यांनाही घेणार आहेत का टीममध्ये?" बेलाने विचारलं. ऍलनने तिला गप्प राहायची खूण केली आणि गुडघ्यांची माहिती दिली.

तिला जनावरांची डॉक्टर व्हायचं होतं. ग्लासगोला व्हेटरनरीसाठी जागा मिळाली होती, शाळेच्या शेवटच्या ए-लेव्हल परीक्षेत मार्क पडले की पक्की. तिथेही युनिव्हर्सिटीची टीम होती, आणि ऍलन पेणकर कोण हे तिथे कोणाला ठाऊक नव्हतं. वडिलांना सांगितलं तर ते खूश झाले. "व्हेरी सेन्सिबल. बॅकअप हवाच." आई जेनिफरला सांगितलं तर ती म्हणाली, "सीझन संपू दे, मग शांतपणे बोलू." या घरात सीझन संपल्याचं बेलाला आठवत नव्हतं.

ऍलन वाईट बाप नव्हता. दहा वर्षं तो पहाटे पाचला गाडीच्या काचेवरचं बर्फ खरवडून तिला कुठल्या कुठल्या गावी सामन्यांना नेत आला होता, आणि हरून परतताना थर्मासमधलं सूप पहिल्यांदा तिला ओतून देत होता. अशा माणसाला नाही म्हणायला जीभ रेटत नाही. बेला संतापायची ती स्वतःवरच, आणि मग जिममध्ये जाऊन शंभर फ्री थ्रो मारायची. ते पाहून ऍलन कोचला कळवी, की पोरीची तयारी जोरात आहे.

शेवटी एका मोठ्या कॉलेजने पूर्ण स्कॉलरशिप देऊ केली आणि रविवारी तीनपर्यंत उत्तर मागितलं. "वी आर व्हेरी एक्सायटेड," ऍलनने लिहिलं. तेवढ्यावर आजोबांनी मलिदा ठरवून टाकला.

बेने इस्रायली माणूस अडचणीत एलियाहू हनाबी या प्रेषिताला नवस बोलतो आणि मनासारखं झालं की मलिदा करून तो फेडतो. भिजवलेले गोड पोहे, खोबरं, वेलची, भोवती फळं, त्यावर प्रार्थना. पेणकरांच्या घरची रीत अशी, की ज्याच्या नावाचा नवस, त्याने पहिला घास घ्यायचा. बेला पहिल्यांदा चेंडू घेऊन पळाली त्या दिवशी आजोबांनी तिच्या नावाने अमेरिकेचा नवस बोलला होता.

स्वयंपाकघरात त्यांची धाकटी बहीण सारा सफरचंदं चिरत होती. "एलिशा, पोरीने सही केलेली नाही, विमानात बसलेली नाही, आणि तू फेडायला निघालास? आपल्यात असं कोणी केलंय?"

"चौऱ्याऐंशी चालू आहे मला. सप्टेंबरात ती जाईल तेव्हा मी असेन याची तू हमी देतेस का?"

"देते. तुला कोण नेतंय."

"आजोबा, मला थोडं बोलायचंय," दारातून बेला म्हणाली.

"बोल की, बाळा. आधी वरच्या खुर्च्या तेवढ्या आण."

तिने सहा खुर्च्या आणल्या. तोवर प्रार्थना सुरू झाली होती.

प्रार्थना संपली. आजोबा दोन्ही हातांनी ताट घेऊन तिच्यासमोर आले. मंडळींनी फोन वर धरले.

"मी नाही खाणार," बेला म्हणाली.

कोणीतरी हसलं आणि मग थांबलं.

"हे खाल्लं की मी जाणार, असं होतं. मी अजून हो नाही म्हटला." तिचं मराठी घाईत नेहमीच असं धडपडे.

"अगं, पण तुझा बाबा..."

"बाबांनी म्हटलं. मला विचारलंच नाही कोणी."

"बेल्स, नॉट नाऊ," ऍलन हलक्या आवाजात म्हणाला. "उद्या बोलू."

"त्यांना उत्तर आज हवंय, बाबा."

आजोबांच्या हातात ताट तसंच राहिलं. ते खाली ठेवावं की पुढे करावं, त्यांना कळेना. सारा पुढे आली. "मागणीचाही मलिदा असतो, एलिशा. आजचा तो समज. फेडायचं मागाहून."

"मग मागू काय?" त्यांनी विचारलं, आणि हे ते बेलाला विचारत होते.

"ग्लासगो. व्हेट. आणि खेळणार मी, पण घरी फोन करून स्कोअर नाही सांगणार."

"तिथलं कोर्ट तरी धड आहे का?" आजोबा पुटपुटले.

तेवढ्यात ऍलनचा फोन वाजला. तीन वाजले होते. त्याचा हात सवयीने खिशात गेला. बेलाने तळवा पुढे केला. त्याने फोन मुठीत तसाच धरून ठेवला, चार वेळा वाजू दिला, मग तिच्या हातावर ठेवला आणि खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

पलीकडून कोचचा प्रसन्न आवाज आला. बेलाचा आवाज ऐकून तो म्हणाला, छान, जरा डॅडना दे बघू.

"डॅड इथेच आहेत," बेला म्हणाली. "पण उत्तर माझ्याकडे आहे." आणि सगळ्यांसमोर, प्रत्येक वाक्यानंतर दम खात, ती ते सांगू लागली.