पहिल्या हाकेला

आमच्या गटाने आजवर एकही प्राणी मारलेला नाही. धनुष्यबाणाने शिकार करता यावी म्हणून झटणाऱ्या मंडळींबद्दल हे सांगितलं की लोक हसतात, पण ते खरं आहे. शिकारीच्या नियमांत धनुष्याचाही विचार व्हावा म्हणून गट अर्ज करतो. उत्तर येईपर्यंत फोमच्या हरणांवर बाण मारतो. आणि आपण जबाबदार माणसं आहोत हे वरच्यांना दिसावं म्हणून समाजसेवा करतो. काटेरी झाडांना अडकलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या काढायच्या, कारण उंट त्या खातात. रमजानमध्ये मजुरांच्या कॅम्पवर इफ्तारचे डबे पोचवायचे. प्रत्येक कामाआधी बॅनर, कामानंतर फोटो. फोटो कधी कधी कामापेक्षा जास्त चालतो.

मी सौदीत रास अल खैरला समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्लांटमध्ये इंजिनिअर. गटात मला एका पुणेकर सहकाऱ्याने ओढलं. मला मोकळ्या हवेची गरज आहे असं त्याचं म्हणणं होतं. खरी गरज गटाला होती, नीट इंग्रजीत अर्ज लिहिणाऱ्या माणसाची. अध्यक्ष इथलेच, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले दिलदार गृहस्थ. बुरैदाचे खजूर पेटीने वाटायचे आणि भाषणही त्याच मापाने. माझा नेम असा की फोमच्या हरणालाही माझ्याकडून धोका नव्हता. म्हणून मला दुसरं काम मिळालं.

बाण लागलेलं जनावर जागेवर पडत नाही, पळतं. मग रक्ताच्या थेंबांवरून त्याचा माग काढायचा. मागाचा नियम असा की शेवटचा थेंब दिसला तिथे एक माणूस उभा राहतो आणि बाकीचे पुढे पसरून पुढचा थेंब शोधतात. तो सापडेपर्यंत उभ्या माणसाने जागा सोडायची नाही, नाहीतर सगळाच माग हरवतो. आम्ही याचा सराव वाळूवर लाल सरबत शिंपडून करायचो. जनावर नसायचंच, मुंग्या मात्र यायच्या. उभं राहायचं काम माझं. पुणेकराने माझं नाव खुंटा ठेवलं. वॉकीटॉकीवर मी फार वेळा ‘सापडलं का’ विचारलं की तो म्हणायचा, “खुंट्या, हलवून बळकट होऊ नकोस. राहा उभा.”

हे सगळं एकदा खरोखर वापरावं लागलं.

मे महिना लागला होता. रत्नागिरीकडचा एक मुस्लिम तरुण उंटांच्या गोठ्यांवर पाण्याचा टँकर नेत असे. त्याचा टँकर अल खफजीच्या रस्त्यापासून खूप आत वाळूत रुतलेला सापडला. आत तो नव्हता, मोबाइल बंद पडलेला सीटवर होता. शोधपथकं कामाला लागलीच होती. टँकरपासून पायाचे ठसे निघाले होते, आणि तिथली जमीन खारट पापुद्र्याची, पाऊल पडलं की फुटणारी. म्हणजे माग काढणारी माणसं उपयोगाची. अध्यक्षांनी गट देऊ केला. त्यांच्यात पोकळ डौल खूप होता, पण त्या दिवशी बॅनर गाडीतच ठेवा असं त्यांनीच सांगितलं, हेही नोंदवायला हवं.

हरवलेल्याचा थोरला भाऊ अल खफजीत शिवणकाम करायचा. तो आदल्या रात्रीपासून टँकरपाशी बसून होता. त्याच्या कफीलने, म्हणजे मालकाने, त्याला परत जायला सांगितलं होतं, तो गेला नव्हता. मी मराठीत बोललो तेव्हा त्याने माझा हात धरला आणि मग बराच वेळ सोडला नाही. त्याचं एकच म्हणणं होतं, भाऊ चिवट आहे, तो जिवंत आहे, फक्त लवकर पोचायला हवं. दुसरं काही ऐकून घ्यायची त्याची तयारी नव्हती, आणि आमच्यापैकी कोणाची सांगायची नव्हती.

ठसे उत्तरेकडे बरेच चालले आणि एका खडेदार पट्ट्यावर येऊन संपले. शेवटच्या ठशाशी मी उभा राहिलो. बाकीचे हातात रंगीत फिती घेऊन पंख्यासारखे पुढे पसरले. भावाला त्यांनी माझ्यापाशी ठेवलं. पुढे जे सापडेल ते त्याने अचानक पाहू नये, असा विचार असावा. कोणी तसं बोललं नाही, पण त्याला ते कळलं होतं.

दुपार चढली. आम्ही दोघं पुढे पाहून हाका मारत होतो, तो भावाच्या नावाने आणि मी नुसताच. मग आमचे घसे सुकले. त्याने पाणी प्यायला नकार दिला, मी रागावलो तेव्हा दोन घोट घेतले. मग तो भावाबद्दल सांगू लागला. दोघांमध्ये धाकटा असूनही तोच घरी जास्त पैसे पाठवायचा, आणि थोरल्याला नावाने कधीच हाक मारायचा नाही, फक्त ‘भाय’. तेही लांबवून, जसं खाडीपलीकडून मारतात तसं. एवढं बोलून तो गप्प झाला.

त्या शांततेत पाठीमागून हाक आली.

मला शब्द नीट ऐकू आला नाही. एक लांबट शेवट तेवढा आला, आ आणि य यांच्या मधला. पाठीमागे आमच्या गाड्या होत्या आणि एक ड्रायव्हर, पण तो आवाज गाड्यांच्या बाजूने नव्हता. ठसे पुढे गेले होते, पाठीमागे कोणी असायचं कारण नव्हतं. माझी मान अर्धी वळली आणि थांबली. शेजारी भाऊ ताठ उभा होता, तोंड किंचित उघडं.

आम्ही दोघंही एकाच शिकवणीत वाढलो होतो. ओसाड जागी, भर उन्हात किंवा तिन्हीसांजेला पाठीमागून हाक आली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. माणूस असेल तर पुन्हा हाक मारेल, दुसरं काही असेल तर मारणार नाही. माझ्या नाशिकच्या आईने मला हे सांगितलं होतं आणि त्याच्या रत्नागिरीच्या आईने त्याला. भुतांनी आपल्याकडे धर्म कधी विचारलेला नाही. मी या गोष्टींची आयुष्यभर टर उडवली आहे, चारचौघांत वादही जिंकले आहेत. पण त्या क्षणी मी वाट पाहत होतो ती दुसऱ्या हाकेची. तोही.

ती आली नाही. वारा असेल, असं मी मनात म्हटलं. तो मनात काय म्हणाला ते मला तेव्हा कळलं नाही, कारण आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही.

खडेदार पट्ट्यापलीकडे पुणेकराला पुन्हा ठसे मिळाले. ते उत्तरेला जात नव्हते. डावीकडे वळत वळत परत दक्षिणेला आले होते. त्याला टँकरकडे परतायचं असावं. मागावरची माणसं एकेक फीत टाकत आमच्या दिशेने आली, आमच्या बाजूने गेली आणि आमच्या पाठीमागे निघाली. कोणीही आमच्याकडे पाहिलं नाही. भावाने त्यांना जाऊ दिलं, मग तो त्यांच्या मागोमाग चालू लागला. त्या दिवशी जागा सोडू नका असं त्याला कोणी म्हटलं नाही.

एका झुडपी उंचवट्याच्या सावलीकडच्या बाजूला धाकटा पडला होता. चपला काढून बाजूला नीट ठेवलेल्या. मराठीत ‘हाकेच्या अंतरावर’ असं आपण सहज म्हणतो. ते मी त्या दिवसानंतर पुन्हा सहज म्हटलेलं नाही.

गटाच्या अहवालात ‘शोध यशस्वी’ असं लिहिलं गेलं. मीच लिहिलं. अर्थाने ते चूक नव्हतं. वार्षिक जेवणात अध्यक्षांनी मागाच्या तंत्राबद्दल भाषण केलं आणि मध्येच, कागद हातात असताना, थांबले. पुढचं त्यांनी वाचलं नाही.

दफन अल खफजीतच झालं. मी गेलो होतो. डॉक्टरांनी सांगितलं होतं की मृत्यू सकाळी झाला असावा, ऊन चढायच्या आधी. कबरस्तानाबाहेर नळावर हात धुताना भावाने मला विचारलं, “तुमी ऐकलात ना? तुमची मान वळली होती.”

खोटं बोलायचं ठरवूनच मी तोंड उघडलं. पण “ऐकलं,” म्हणालो.

“डॉक्टर बोलतो सकाळीच गेला.”

“हो.”

“मग ती हाक गेल्यावरची.” तो माझ्याकडे पाहत राहिला. “तुमी शिकलेले. असलं मानता काय?”

दोनच शक्यता होत्या. एक तर भूत होतं, किंवा डॉक्टरांचा अंदाज चुकला होता आणि आम्ही दोन जिवंत माणसं एका जिवंत माणसाला पाठ करून दुसऱ्या हाकेची वाट पाहत उभे होतो. भुतावर माझा इतका विश्वास कधी बसला नव्हता.

“मानतो,” मी म्हणालो. “गेल्यावरचीच.”

त्याने दोन्ही हातांनी तोंड पुसलं. मग तिथेच उभ्याने त्याने गावी फोन लावला. पलीकडे आई होती. रडणं आधीच होऊन गेलं असावं, कारण दोघंही संथपणे बोलत होती. त्याने तिला सगळं सांगितलं, कोण कोण आलं होतं, माती कोणी दिली. शेवटी म्हणाला, “आई, जाताना त्याने मला हाक मारली. भाय म्हणून.”

फोन स्पीकरवर नव्हता, पण म्हातारी माणसं फोनवर मोठ्याने बोलतात. मला ऐकू आलं.

“ओ दिलीस ना रे?”

त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला.

“दिली, आई,” तो म्हणाला. “दिली.”