आत्याबाई आणि शेवटची सोळा पानं

मुलांना वाचनाची गोडी लावायची तर आधी त्यांना चांगला संताप आणावा, असं मानणारी आणि त्याबरहुकूम वागणारी बाई अख्ख्या इंदुरात एकच आहे, आणि ती नेमकी माझ्या बायकोची आत्या आहे. जावयाने सासरच्या वडीलधाऱ्यांवर चिडू नये, अशी आमच्याकडे रीत आहे. ती मी चौदा वर्षं पाळली. या वर्षी ती मोडली, आणि त्याला कारण सोळा पानं.

आत्याबाई बडा गणपतीजवळ दोन खोल्यांत एकट्या राहतात. सरकारी छापखान्याच्या बांधणी विभागात त्यांनी एकतीस वर्षं पुस्तकं शिवली. त्यामुळे कुठलंही पुस्तक हातात आलं की त्या आधी त्याचा कणा चाचपतात, आणि शिवण ढिली असली की प्रकाशकाच्या सात पिढ्या उद्धरतात. वाचायला त्यांना काहीही चालतं. औषधाच्या बाटलीतला बारीक टाइपाचा कागद त्या भिंगाने शेवटपर्यंत वाचतात आणि मग औषध घेत नाहीत. एकदा सकाळी मी त्यांना पोहे खायला घेऊन गेलो. पोह्यांखालच्या वर्तमानपत्राच्या तुकड्यावर कुठल्याशा सासऱ्याने सुनेवर केलेल्या खटल्याची बातमी होती, आणि ती नेमकी निकालापाशी फाटलेली. पोहे गार झाले. आत्याबाई उठून गाड्यापाशी गेल्या आणि खास इंदुरी सुरात म्हणाल्या, "भिया, याचा दुसरा तुकडा काढून दे." मागे गिऱ्हाइकांची रांग ताटकळत असताना त्या माणसाने निमूटपणे अख्खा गठ्ठा उपसला. तुकडा मिळाला नाही. परतीच्या वाटेवर आत्याबाई त्या सासऱ्याला, सुनेला, पोहेवाल्याला आणि मला, सगळ्यांना सारख्याच रागावत होत्या. त्या दिवशी मी हसलो होतो.

माझी मुलगी रेवा अकरा वर्षांची. मराठी घरातलीच, पण शाळा इंग्रजी, मैत्रिणी हिंदी, आणि मराठी पुस्तक दिसलं की हिचं डोकं दुखायचं. मी नियमाने चालणारा माणूस. फ्रिजवर तक्ता लावला : रोज आठ पानं, वाचली की बरोबरची खूण, आठवड्याच्या शेवटी बेरीज. सहा आठवड्यांत रोजची सरासरी दीड पान निघाली, तीही मी शेजारी बसून राहिल्यामुळे. पुढे ही मुलगी आपल्या भाषेत पत्राचा मायनासुद्धा वाचणार नाही, या काळजीने मला झोप लागत नसे. हे मी एकदा आत्याबाईंपाशी बोललो, तिथेच चुकलो.

रेवाच्या वाढदिवसाला त्या एक पुस्तक घेऊन आल्या. एकशे बारा पानांची गोष्ट, नर्मदेकाठच्या नावाड्याच्या मुलीची. तिची होडी चोरीला जाते आणि ती चोर शोधायला निघते. रेवाने हात पुढे केला तर आत्याबाईंनी पुस्तक मागे घेतलं. "तू राहू दे. तुला नाही जमणार. हे तुझ्या बाबांच्या शोकेसमध्ये ठेवायला आणलंय." पाहुण्यांसमोर असं ऐकून रेवाचे कान लाल झाले. मलाही राग आला, पण मी जावई.

पाहुणे गेल्यावर रेवाने ते शोकेसमधून काढलं आणि चार दिवसांत शहाण्णव पानं वाचून काढली, दात-ओठ खात. पाचव्या दिवशी ती ओरडत बाहेर आली. शहाण्णवावं पान "तिने दार उघडलं आणि समोर" इथे संपत होतं आणि पुढे थेट पुठ्ठा होता. मी पानं मोजली. शेवटची सोळा कमी. त्याच संध्याकाळी मी पुण्याच्या प्रकाशकाला फोटोंसह तक्रार पाठवली, भाषा जरा कडक ठेवली. त्या भल्या माणसाने तीनदा माफी मागितली आणि नवी प्रत कुरिअरने पाठवतो म्हणाला.

मग बायकोने आत्याबाईंना फोन केला. त्या शांतपणे म्हणाल्या, "शेवटचा फर्मा, ती सोळा पानं, माझ्याकडे आहे. उसवून ठेवलाय. रेवाला म्हण, रविवारी ये, इथपर्यंतची गोष्ट मला मराठीत सांग, दाराशी कोण असेल तेही सांग. मग तिच्यासमोर शिवून देते."

म्हणजे मी एका निरपराध माणसाला माफी मागायला लावली होती. आणि गोष्टीचा शेवट ओलीस ठेवून लहान मुलीला बोलवायचं, ही कुठली रीत? ती मुलगी आठवडाभर घर डोक्यावर घेऊन होती. ऑटोत, जेवताना, दात घासताना एकच : दाराशी कोण? संशयितांची यादी तिने माझ्या तक्त्याच्या मागे लिहिली, तीही स्केचपेनने. शनिवारी नवी प्रत आली. मी ती लगेच तिच्या हातात दिली.

पंधरा मिनिटांत तिने ती सोळा पानं उभ्याउभ्याच संपवली. रविवारी आईने चल म्हटलं तर म्हणाली, "मिल गया ना शेवट. आता कशाला जायचं?"

मग जुनी प्रत घेऊन मीच गेलो, भांडायला. काय काय बोलायचं ते मनात जुळवून ठेवलं होतं. दार उघडंच होतं. जमिनीवर स्वच्छ कागद अंथरलेला, वाटीत ताजी खळ, सुईत दोरा ओवलेला, आणि पाटाखाली दाबून ठेवलेला तो फर्मा. आत्याबाई नवं लुगडं नेसून बसल्या होत्या. माझ्यामागे कोणी येतंय का, ते त्यांनी वाकून पाहिलं.

रेवाने नव्या प्रतीत शेवट वाचला, ती येणार नाही, हे मी सांगितलं. मग जुळवून ठेवलेलं सगळं बोललो, थोडं जास्तच. त्या चिडतील म्हणून मी तयार होतो. त्यांनी एवढंच विचारलं, "मग दाराशी कोण असेल असं तिला वाटलं होतं?"

मला माहीत नव्हतं. आठ दिवस ती घरभर तेच बोलत होती, आणि मी फक्त आवाज ऐकला होता.

आत्याबाईंनी माझ्याकडून जुनी प्रत घेतली आणि फर्मा शिवून दिला. "पुस्तक अपुरं ठेवू नये," म्हणाल्या. कुठून उसवलं होतं ते आता कोणाला सांगता येणार नाही, इतकं सफाईदार काम. नवी प्रत मी माफीचं पत्र जोडून प्रकाशकाला परत केली.

त्या रात्री जेवताना मी रेवाला विचारलं. तिला वाटलं होतं, होडी मुलीच्या सख्ख्या मामानेच विकली, आणि दाराशी तोच रडत उभा असेल. का वाटलं, ते ती पोळी गार होईपर्यंत सांगत राहिली, अर्धं मराठी, अर्धं हिंदी. पुस्तकातल्यापेक्षा तिचा शेवट मला बरा वाटला. शेवटी म्हणाली, "आत्याआजीशी मी भांडणार होते. पक्कं ठरवलं होतं."

"मग उद्या जाऊ."

"नको. अब तो पढ़ लिया."

आत्याबाई अजूनही पुस्तकं पाठवतात, कोणातरी येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर. रेवा काही वाचते, काही तशीच पडून राहतात. प्रत्येक पुस्तक आलं की तिची नजर चुकवून मी आधी त्याची पानं मोजतो. सगळी भरतात. मी पुन्हा एकदा मोजतो.