चोवीस म्हटलं की

मायलो शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघात उजवा गार्ड होता. नेब्रास्कातल्या आमच्या गावात माणसाची ओळख एवढ्यावर भागते. चेंडू हातात घेऊन पळायचा हा खेळ, पण गार्डनं पळणाऱ्याला वाट करून द्यायची; चेंडूला त्याचा हात कधी लागला नाही. पळण्याच्या चालींना आकडे असत: पहिला आकडा पळणाऱ्याचा, दुसरा समोरच्या रांगेतल्या फटीचा. सम फटी उजवीकडे, विषम डावीकडे. ‘चोवीस’ म्हणजे दोन नंबरचा लीलंड कोपेस्की चौथ्या फटीतून जाणार, आणि ती फट मायलोनं पाडायची, समोरच्याला खांद्यानं डावीकडे रेटून. पेपरात फोटो लीलंडचा यायचा. कात्रणं मायलो जपायचा.

पुढं चाळीस वर्षं त्यानं धान्याचा ट्रक चालवला. घरात माझ्यावर, बायकोवर, कधी आवाज चढवला नाही.

दोन वर्षांमागं तो चर्चहून घरी येताना वाट चुकू लागला. मी लीलंडला बोलावलं. त्यानं टेबलावरचा कोलाचे, जामभरला गोड पाव, उचलला आणि विचारलं, “मायलो, सव्वीस?”

“जागा सोडून उजवीकडे धावायचं, कडेच्याला उडवायचं. तू मागून ये, आणि या वेळी पडू नकोस.”

“बर्नी,” लीलंड मला म्हणाला, “याचं डोकं माझ्याहून ठणठणीत आहे. तूच उगाच घोर लावून घेतेस.”

गावात सगळे हेच म्हणत. मलाही ते हवंच होतं. डॉक्टरांची तारीख मी दोनदा पुढं ढकलली. देवापुढं हे मी कबूल केलं आहे.

ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या एका शुक्रवारी, मांस वर्ज्य म्हणून, चर्चच्या हॉलमध्ये तळलेल्या माशांसाठी रांग होती. मायलोच्या पुढ्यात मी, हातात ताट. मागून लीलंडनं थट्टेनं हाक दिली, “चोवीस.”

मायलो वाकला. त्याचा खांदा पाठीत बसला नि मी टेबलावर आपटले. मनगट मोडलं. तो माझ्यापाशी उभा राहून उजवीकडे बघत होता.

“पळ ना, लीलंड. वाट मोकळी आहे.”

लीलंड हातातलं ताट धरून तसाच उभा.

ईस्टरनंतर मायलोला वृद्धाश्रमात ठेवलं. तिथल्या नर्सनं त्याच्यापुढं चालींचे आकडे उच्चारायला मनाई केली आहे. रविवारी मी आणि लीलंड जातो. लीलंड पावसापाण्याचं बोलतो, मायलो मान हलवतो. परवा बाहेर पडता पडता लीलंड म्हणाला, “बर्नी, एकच आकडा विचारू का त्याला? हळूच. लक्षात आहे का अजून, एवढंच बघतो.”

मी नको म्हटलं. नर्सचं कारण सांगितलं. खरं म्हणजे, तेही गेलं असेल तर मला कळायला नको होतं.