निळी की राखाडी

आमच्या शहरात उघड्या टपाची गाडी ही हिवाळ्याचीच गाडी. उन्हाळ्यात टप उघडला तर माणसाचं भरीत होईल आणि पावसाळ्यात उघडायचा प्रश्नच येत नाही. राहिले दिवाळीनंतरचे दोन-अडीच महिने. तेव्हा सकाळी हवा अशी असते, की उघड्या गाडीत बसून दौलताबादच्या रस्त्यानं एक चक्कर मारावी आणि कान लाल करून घरी यावं. हे मी घरीदारी इतक्या वेळा समजावून सांगितलं, की बायको एकदा म्हणाली, "अहो, तुम्ही गाडी घेताय की कोर्टात केस लढताय?"

तिचं बरोबर होतं. वाळूजला माझं छोटं वर्कशॉप आहे, दुसऱ्यांच्या कारखान्यांसाठी मी साचे बनवतो. साच्यात केसाएवढी चूक चालत नाही, म्हणून मला प्रत्येक गोष्ट ठरवायला वेळ लागतो असं मी लोकांना सांगतो. खरं म्हणजे मी मुळातच अस्वस्थ माणूस आहे. चहासुद्धा एका जागी बसून पीत नाही. वयाच्या चौपन्नाव्या वर्षी दोन सीटची स्पोर्ट्स कार घ्यायचं डोक्यात आलं, तेही अशाच एका येरझारीत.

गाडी दसऱ्याच्या आधी नोंदवली. शोरूममधल्या बाई शांत आणि हसऱ्या होत्या. त्यांनी मला एक लांबलचक यादी दिली आणि सांगितलं, "सर, शनिवारी दुपारी बारापर्यंत सगळं फायनल करा. नंतर ऑर्डर कारखान्याकडे जाते, मग काहीच बदलता येत नाही."

'काहीच बदलता येत नाही' हे वाक्य माझ्यासारख्याला ऐकवायला नको होतं. बेस मॉडेल की टॉप? टप काळ्या कापडाचा की तपकिरी? चाकं मोठी घेतली तर गाडी देखणी दिसते, पण आमच्या रस्त्यांवर पातळ टायर किती दिवस जगणार? मानेवर गरम हवा सोडणारी एक सोय होती, ती टॉप मॉडेललाच मिळायची. आणि गरम होणाऱ्या सीटा. त्या घ्याव्यात की नाही यावर मी दोन दिवस घालवले.

शहागंजला माझा एक शाळासोबती आहे, त्याचं सीट कव्हरचं दुकान आहे. आम्ही क्रांती चौकात चहाला भेटलो तेव्हा मी त्याला हळूच विचारलं. तो इतका हसला की त्याच्या बशीतला चहा सांडला. "अबे, मई में तो फुकट में गरम होती सीट! तू पैसे देके गरम करवाता?" मग डोळे पुसत म्हणाला, "ले ले. तेरी कमर की उमर हो गई."

घेतल्या. मानेवरची गरम हवाही घेतली, म्हणजे ओघानंच टॉप मॉडेल आलं. चाकं लहान, टायर जाड, टप काळा. गुरुवारपर्यंत सगळं ठरलं. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं, ते शेपूट म्हणजे रंग.

पुण्याहून मुलीनं फोनवर रंग पाहिले आणि एका क्षणात म्हणाली, "पप्पा, निळा! दुसरा विचारच नको." मी तितक्याच झटकन म्हणालो, "निळा नको." ती म्हणाली, "का?" मी म्हणालो, "निळ्यावर धूळ दिसते." ती गप्प झाली. आमची मुलगी गप्प झाली की समजावं, तिला सगळं कळलेलं आहे.

आम्ही बौद्ध आहोत. निळा रंग आमच्या झेंड्याचा. लहानपणी वस्तीतल्या प्रत्येक घराच्या दारावर तो होता आणि मला अजूनही त्याच्याइतका सुंदर रंग दुसरा वाटत नाही. शोरूममध्ये उभी असलेली निळी गाडी पाहूनच माझा जीव गाडीवर जडला होता. पण माझं आडनाव असं आहे, की त्यावरून काही कळत नाही. मराठ्यांत सापडतं, माळ्यांत सापडतं, आमच्यातही सापडतं. वाळूजमध्ये मी कधी खोटं बोललो नाही. फक्त कुणी काही गृहीत धरलं, तर ते दुरुस्त केलं नाही.

माझं निम्मं काम एकाच कारखानदाराकडून येतं. पैठण रस्त्याला त्यांची मोठी शेती आहे, वागायला दिलदार माणूस. दर हिवाळ्यात ते शेतावर हुरड्याला बोलावतात. शेकोटीभोवती आम्ही वीस-पंचवीस जण बसतो, ज्वारीची गरम कणसं हातावर चोळली जातात, आणि नवा कुणी आला की ते माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगतात, "हे आपल्यातलेच आहेत." बारा वर्षं मी त्यावर हसून दही-चटणी पुढे सरकवत आलोय. या वर्षी ते म्हणाले होते, "डिसेंबरात गाडी मिळतेय ना? मग हुरड्याला तीच घेऊन या. टप उघडा ठेवून."

त्या शेकोटीपुढे मी निळी गाडी उभी करतोय हे चित्र डोळ्यांपुढे आलं की मी उठून येरझारा घालू लागायचो. रंग पाहून कुणाला काय कळणार होतं? निळ्या गाड्या तर सगळेच घेतात, त्यांचा भाचासुद्धा निळ्या गाडीतून हिंडतो. हे मला कळत होतं. पण चोराच्या मनात चांदणं. गुरुवारी सकाळी मी राखाडी कळवला. दुपारी पांढरा कळवला. शुक्रवारी पुन्हा राखाडी. शोरूमच्या बाई शेवटी म्हणाल्या, "सर, तुम्ही उद्या इथं येऊनच सांगा." त्यांच्या आवाजातलं हसू तेवढं संपलं होतं.

शनिवारी मी वडिलांना घेऊन गेलो. ते एसटीच्या वर्कशॉपमधून मेकॅनिक म्हणून निवृत्त झाले. दुसरी सीट बहुतेक वेळा त्यांचीच असणार होती, म्हणून त्यांना बसता येतं का ते बघायचं होतं. निळ्या गाडीचं दार उघडून मी आणि बाईंनी त्यांना धरून खाली बसवलं. "खड्ड्यात उतरल्यावानी हाय," ते म्हणाले. बाईंनी सीट गरम करायचं बटण दाबलं. थोड्या वेळानं वडिलांचा चेहरा खुलला.

"व्हय, आमच्या जुन्या गाड्यांत ड्रायव्हरच्या शेजारी इंजिनचं झाकण असायचं. थंडीत त्याच्यावर बसायला लोकं भांडायची. सोयगावपस्तोर बूड शेकत जायचं." बाई मनापासून हसल्या आणि फॉर्म आणायला आत गेल्या.

वडिलांनी डॅशबोर्डवरून हात फिरवला. "कोनता रंग घेतला?"

"राखाडी."

"का?"

"धूळ दिसत नाही."

"तू सकाळ-संध्याकाळ गाडी पुसनारा मानूस. मला धुळीचं सांगतो व्हय?"

मी इकडेतिकडे पाहिलं. घड्याळात साडेअकरा झाले होते. वडील आवाज न चढवता म्हणाले, "वाळूजच्या लोकास्नी काय वाटंल, म्हनून ना?"

अकरावीला त्यांनी मला शिकायला या शहरात आणलं, त्या दिवसांची आठवण त्यांनी काढली. आम्ही खोली शोधत फिरत होतो. घरमालक आधी आडनाव विचारायचे, मग गाव, मग गावातली गल्ली, आणि मग खोली कालच गेलेली असायची. चौथ्या घराच्या जिन्यात वडिलांनी माझा दंड धरून सांगितलं होतं, आता तू काही बोलू नको. तिथं खोली मिळाली. मी त्या खोलीत दोन वर्षं राहिलो, आणि घरमालकीण सणाला मला ताट वाढायची.

"ते मीच शिकवलं तुला," वडील म्हणाले. "चूक झाली आसंल, पन शिकायचं व्हतं तुला. खोली मिळंपस्तोर गप राह म्हनलं व्हतं मी. जलमभर म्हनलं नव्हतं."

मला रडू आलं असतं, पण तेवढ्यात बाई फॉर्म घेऊन आल्या. मी म्हणालो, निळा. त्यांनी पेन हातात धरून विचारलं, "नक्की ना सर?" मी सही केली. पावणेबारा झाले होते.

सही केल्यावर हलकं वाटेल असं वाटलं होतं, पण वाटलं नाही. नुसत्या रंगानं काहीच सांगून होत नव्हतं. हुरड्याला मी निळी गाडी नेली असती आणि पुन्हा खांद्यावर हात पडल्यावर हसून चटणी पुढे सरकवली असती. ताकाला जाऊन भांडं लपवायची मला चांगली सवय होती. मी शोरूमबाहेर आलो, उन्हात चार फेऱ्या मारल्या आणि त्या कारखानदारांना फोन लावला.

"काय साहेब, झाली का गाडी फायनल?" ते नेहमीसारखे मोठ्यानं म्हणाले.

"झाली. निळी घेतली." मग मी एका दमात बोलून टाकलं. "आणि एक सांगायचं राहिलं होतं. आम्ही बौद्ध आहोत."

पलीकडून एक मशीन चालल्याचा आवाज येत होता. ते मशीनपासून दूर गेले असावेत, कारण आवाज कमी झाला.

"माहीत आहे की," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"पहिल्याच वर्षापासून. आमच्या स्टोअरमधला एक जण तुमच्या भागातला आहे ना. का, काय झालं?"

बारा हिवाळे. "मग सगळ्यांसमोर 'आपल्यातलेच' म्हणायचात, ते कशासाठी?"

"तुम्हाला बरं वाटायचं म्हणून," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, कीवही नव्हती. "हुरड्याला या बरं का," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मला भयंकर राग आला. त्यांचा आला, बारा वर्षं बहुधा सगळं ठाऊक असून मनात ठेवणाऱ्या त्या शेकोटीभोवतीच्या सगळ्यांचा आला. काचेपलीकडे वडील अजून निळ्या गाडीत बसून होते, डोळे मिटून, पाठ शेकत. मी आत जाऊन त्यांना उठवायला हवं होतं. पण मी उन्हातच उभा राहिलो, कारण तो माणूस खोटं बोलला नव्हता. मला बरं वाटायचं.