दोनशे वर्षं दहावीत

“नॅचरल! एकदम नॅचरल!” असं म्हणत तो डावा हात हवेत गोल फिरवायचा आणि तोवर छान हसत असलेली नवरी एकदम ताठ व्हायची. मग तो वैतागून नवरदेवाकडे वळायचा, “साहेब, तुम्ही तरी श्वास घ्या!”

असा एखादा व्हिडिओ शूटिंगवाला तुम्हालाही आठवत असेल. खांद्यावर कॅमेरा, पायात गुंतलेली वायर आणि भटजींनाही बिनदिक्कत बाजूला सरकवण्याचा अधिकार. आमचा शूटिंगवाला उल्हासनगरचा सिंधी होता, कॅम्प चारमध्ये त्याचं दुकान. माझ्या बहिणीच्या लग्नाला तो बदलापुरात, आमच्या हेंद्रेपाड्याच्या घरी आला, आईच्या हातच्या अळूवड्या खाल्ल्या आणि घर आपलंच समजू लागला. पुढे त्या बाजूला कुठलंही काम निघालं की दुपारच्या चहाला आमच्याकडे हजर.

कामात तो पक्का होता, पण हौस दांडगी. कॅसेटच्या मिक्सिंगमध्ये बदाम, कबुतरं, उमलणारी गुलाबं यांचा नुसता पूर. एका लग्नात घाईघाईत नवरीऐवजी आचारीच गुलाबातून उमलला. मुलीकडचे भांडायला आले, तर हा शांतपणे म्हणाला, “जेवण कोणी चांगलं केलं? मग?”

एका दुपारी तो आला तोच डोळे चमकवत. उल्हासनगरच्या एका व्हिडिओवाल्याकडे त्याने एक इंग्रजी कॅसेट तीनदा पाहिली होती. इंग्रजी त्याला माझ्या सिंधीइतकंच येत होतं.

“राइटरसाहेब, क्या पिक्चर है! शाळेतली पोरं. त्यात एक पोरगा व्हँपायर. रक्त पितो, लेकिन दिल का साफ. आणि एक पोरगी त्याच्यावर फिदा!”

मी दिवसा अंबरनाथच्या एका कारखान्यात डिस्पॅचचे कागद रंगवायचो आणि गणपतीत गल्लीसाठी एकांकिका लिहायचो. तेवढ्यावर त्याने मला राइटरसाहेब करून टाकलं होतं.

आतून आई म्हणाली, “म्हणजे मुंजा.”

“मुंजा क्या होता है, अम्मा?”

“मुंज झालेला आणि लग्नाआधीच गेलेला मुलगा. पिंपळावर असतो.”

“वही!” त्याने मांडीवर थाप मारली. “वहीच! फक्त पिंपळाच्या जागी शाळा!”

त्याला तसला पिक्चर बनवायचा होता. इथल्या पोरांसाठी, इथल्या पोरांना घेऊन. मी हसलो तर तो गंभीर झाला. “भाऊ, लग्नाच्या कॅसेटमध्ये जो तो स्वतःला बघतो. माझी साडी कशी दिसली, मी कुठे उभी होते. मला एकदा असं काहीतरी बनवायचंय, की पोरं जेवण विसरून बघतील. एकदाच. मग मरेपर्यंत गुलाबं उमलवतो.”

यावर नाही कोण म्हणणार?

आमचा व्हँपायर बदलापुरातला, दोनशे वर्षं दहावीत असलेला मुलगा. नापास नव्हे हं. बोर्डाचा पेपर सकाळी अकराला आणि याला ऊन चालत नाही, म्हणून तो परीक्षेलाच बसू शकत नाही. ही कल्पना माझी, आणि तिचा मला आजही अभिमान आहे. त्या भूमिकेला शेजारचा दहावीतला मुलगा मिळाला. त्याच्या आईची अट एकच, क्लास बुडता कामा नये. झगा उल्हासनगरच्या बाजारातल्या काळ्या अस्तराचा. सुळे खोबऱ्याचे केले होते, पण व्हँपायर ते दोन शॉटच्या मध्ये खाऊन टाकायचा. रक्त म्हणून कोकमाचं आगळ. रात्रीच्या शूटिंगचं नावच नको, कारण वीज कधी जाईल याचा भरवसा नव्हता. त्यामुळे आमचा रक्तपिपासू भर दुपारी काळी छत्री घेऊन हिंडायचा आणि लोक त्याला हाक मारून विचारायचे, “काय रे, कुणाच्या नाटकात?”

खरी गंमत झाली ती आमच्याच दारात. आई नायिकेच्या आईचं काम करत होती. शूटिंगवाल्याने नियम समजावून सांगितला होता की व्हँपायरला कोणी ‘ये’ म्हटल्याशिवाय घरात पाऊल टाकता येत नाही. सगळी गोष्ट त्यावर उभी. प्रसंग साधा होता. मुलगा वही परत करायला येतो, आईला संशय येतो, ती त्याला आत घेत नाही. तो “येतो, काकू” म्हणून वळतो आणि ती दार लावते.

कॅमेरा सुरू झाला. मुलगा म्हणाला, “येतो, काकू.”

आई म्हणाली, “ये हं, बाळा.”

“कट! अम्मा, तुम्ही बोलावलं त्याला!”

“मी कुठे बोलावलं? निरोप दिला.”

“‘ये’ बोललात!”

“मग काय ‘जा’ म्हणू? दारातून निघालेल्या पोराला?”

दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तेच. आई ओठ घट्ट मिटून उभी राहायची, पण मुलगा वळला की तोंडून “ये हं” निघायचंच. शेवटी मी शक्कल लढवली आणि मुलाला “जातो, काकू” म्हणायला लावलं. आईने भर शॉटमध्ये त्याचं मनगट धरलं. “जातो म्हणू नये रे! येतो म्हण!”

शूटिंगवाल्याने कॅमेरा खाली ठेवला आणि पायरीवर बसून तो डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. “राइटरसाहेब, तुमच्या लोकांत व्हँपायरचं काम फार सोपं आहे. जाणाऱ्याला पण बोलवता!” मग डोळे पुसून म्हणाला, “स्टोरी बदलो. अम्मा बरोबर आहे.”

अशी गोष्ट बदलली. आईने ‘ये’ म्हटल्यामुळे व्हँपायर खरोखरच आत येतो, ती त्याला पाटावर बसवते, कोकमाचं सरबत देते, आणि दोनशे वर्षांत पहिल्यांदाच कोणीतरी आत घेतल्यामुळे त्याची रक्ताची तहानच जाते. मी लिहिलेल्या शेवटापेक्षा हा चांगला होता. मला ते कबूल करायला आठवडा लागला.

पिक्चर तासाभराचा झाला. मिक्सिंग करून त्याने एका कॅसेटवर उतरवला आणि कॅसेटच्या कडेचा प्लास्टिकचा कान स्वतःच्या हाताने मोडला. तो कान मोडला की कॅसेटवर दुसरं काही चुकून भरलं जात नाही. “आता देव आला तरी पुसता येणार नाही,” तो म्हणाला. शूटिंगच्या मूळ कॅसेट पुढच्या लग्नांना वापरल्या गेल्या आणि कॉपी काढायची मात्र आज-उद्या करत राहून गेली. कात्रपच्या एका शाळेचा हॉल रविवारी सकाळी मिळाला. पोरांमध्ये बातमी पसरली. तो भेटेल त्याला तारीख सांगत सुटला होता.

आदल्या दिवशी सोनिवलीला लग्न होतं. नवरीचा बाप आमच्या कारखान्यात लोडिंगला होता, शूटिंगचं हे काम मीच मिळवून दिलं होतं, म्हणून हॅलोजन धरायलाही मीच. लग्न लागलं, जेवणं उरकली, आणि मशीनने कॅसेट खाल्ली. टेपचा नुसता गुंता बाहेर आला. सकाळपासूनचं सगळं गेलं आणि पिशवीत दुसरी कोरी कॅसेट नव्हती. बाजारातून आणेपर्यंत पाठवणी होऊन गेली असती.

नवरीचा बाप हात जोडून पुढे आला. “शेट, कायतरी करा. माजी आय वर पाड्यावर पडून हाय, तिला उठता येत न्हाय. नातीची पाठवणी बघायचीय तिला.”

शूटिंगवाल्याने पिशवीत हात घातला. मग माझ्याकडे न पाहता म्हणाला, “भाऊ, चिकटपट्टी आहे का बघा. आहेराच्या टेबलावर असेल.”

मला कळलं. मोडलेल्या कानाच्या खाचेवर चिकटपट्टी लावली की कॅसेट पुन्हा भरता येते. रविवारच्या खेळाची कॅसेट त्याच्याच पिशवीत होती, लग्न आटोपून तो ती माझ्याकडे ठेवणार होता. मी म्हणालो, “अहो, थांबा. विचार करा.”

“पिक्चर परत बनेल,” तो म्हणाला. “ही पोरगी परत जाणार नाही.”

चिकटपट्टी मीच आणून दिली. त्याने ती खाचेवर लावली, अंगठ्याने दाबली, आणि नवरीच्या समोर उभा राहिला. त्या दिवशी तो कोणालाही ‘नॅचरल’ म्हणाला नाही.

रविवारी हॉल गच्च भरला. मी म्हणत होतो, बंद करू, काहीतरी कारण सांगू. तो ऐकेना. काळं अस्तर खांद्यावर टाकून तो स्वतःच पोरांसमोर उभा राहिला आणि अख्खा पिक्चर करून दाखवला. व्हँपायर तोच, नायिकाही तोच, आणि डोक्यावरून रुमाल घेऊन माझी आईही तोच. पोरं खुर्च्यांवर उभी राहून ओरडत होती. खेळ संपल्यावर मागे येऊन तो नळाखाली कितीतरी वेळ तोंड धूत राहिला.

पिक्चर परत काही बनला नाही. आमचा व्हँपायर पहिल्याच फटक्यात दहावी पास झाला, त्याला मिशी फुटली आणि तो डिप्लोमाला निघून गेला. शूटिंगवाल्याला त्याच्या भावाने इंदूरला बोलावून घेतलं. दुकानात आता रेडिमेड कपडे मिळतात. त्याचं एक पत्र आलं होतं, मी उत्तर पाठवलं, पुढे काही नाही. मला तो फार आठवतो, हे त्या उत्तरात लिहायला हवं होतं.

मग पाच-सहा वर्षांनी त्या सोनिवलीच्या मुलीने धाकट्याच्या बारशाला मला माहेरच्या पाड्यावर बोलावलं. भाड्याचा व्हीसीआर आणला होता. लग्नाची कॅसेट लावली, पाठवणी झाली, नवरी गाडीत बसली. मी उठायला लागलो तर पाड्यावरची पाच-सात पोरं धावत येऊन टीव्हीपुढे बसली.

“थांबा, सायेब,” ती म्हणाली. “खरी मज्जा आता हाय.”

पडद्यावर मुंग्या नाचल्या आणि आमचं दार दिसलं. दारात छत्री घेतलेला मुलगा. पाठवणी जिथे संपली तिथून पुढचा पिक्चर पुसलाच गेला नव्हता! शेवटची आठ-दहा मिनिटं जशीच्या तशी होती आणि ती पोरं प्रत्येक वाक्य तोंडपाठ म्हणत होती. पत्रावळी वाढून ठेवल्या होत्या, पण कोणी उठायला तयार नव्हतं.

व्हँपायरने सरबत संपवलं. मी म्हटलं, झालं. पण कॅमेरा बंद करायचा राहिला होता आणि मिक्सिंगमध्येही तो तुकडा कापला गेला नव्हता. बाजूने तो पडद्यात आला. घामेजलेला शर्ट, गळ्यात वायर. त्याने मुलाचा घाम स्वतःच्या रुमालाने पुसला, आईच्या हातून पेला घेतला, उरलंसुरलं कोकम पिऊन टाकलं आणि बोटं चाटत सरळ आमच्याकडे चालत आला.

“ह्यो कोन, ते पोरांना म्हाइत न्हाय,” ती मुलगी म्हणाली. “पन आजी सांगून गेलीय, त्यो आल्याबिगर टीव्ही बंद करायचा न्हाय.”