शिंपिणीचा गुणी मुलगा

आई आजारी पडल्याचं कळताच शिंपिणीचा मुलगा परदेशातून धावत आला. निघताना हा शहाणा तिकडे परत जाण्याची परवानगी घ्यायलाच विसरला, आणि त्याचा विद्यार्थी व्हिसा रद्द झाला. घरी मात्र तो तोंडात मिठाची गुळणी धरून बसला.

आई बरी झाली. गिऱ्हाइकांची मापं घेता घेता सांगू लागली, "माझ्यासाठी पोरानं शिक्षणावर पाणी सोडलं हो!" तो मान खाली घालून बटणं लावत राही.

एका दुपारी तीच म्हणाली, "आता मी ठणठणीत आहे. जा बाबा परत."

"तुला टाकून कसा जाऊ?" तो बोलून गेला.

तिनं हातातलं शिवणकाम बाजूला ठेवलं आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं; पण डोकं काही त्यानं बाजूला घेतलं नाही.