आई पायरीवर बसली तो दिवस

नाशिक रोडच्या आमच्या वाचनालयात आता कपाटं उघडी असतात. कुणीही आत जावं, हवं ते पुस्तक काढावं. काल तिथं टेबलावर शेवंतीचा हार होता. त्या वासानं मला कॉलेजच्या दिवसांत नेलं.

तेव्हा काउंटरवर चिठ्ठी दिली की शिपाई आतून पुस्तक आणून द्यायचा. एकदा फुलं विकून परतताना आई माझ्यासोबत आली. दारात पाटी उतरवून म्हणाली, "मला वाचता येत नाय, पण इतकी पुस्तकं कशी ठेवत्यात ते बघू दे ना."

आत मैत्रिणी उभ्या होत्या. मी पुटपुटले, "तू बाहेरच थांब."

ती पायरीवर बसली. पुन्हा कधी आलीच नाही.

आई जाऊन सहा वर्षं झाली. 'आजीला तेव्हा आत सोडत नसत,' असं मी मुलीला सांगते. पण आईला वाचनालयानं नव्हतं अडवलं. मी अडवलं होतं.